तळापासून वाचणारी नायकण

मागच्या वर्षी मी एका भल्या बाईच्या घरच्या हॉटेलाला पाचपैकी एक चांदणी दिली. ती बाई स्पेनमधल्या कोर्दोबा नावाच्या जुन्या शहरात राहते, मी यवतमाळला, लोहाऱ्याच्या रस्त्यावर. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं. उलट परक्या मुलखात तिनं माझं केलं तेवढं माझ्या आईनंतर फारसं कुणी केलेलं नाही. तरी मी चष्मा पुसून, नीट विचार करून, अंगठ्यानं एकच चांदणी पिवळी केली आणि समाधानानं दुपारची झोप घेतली. एकाहत्तराव्या वर्षी एवढा मूर्खपणा करायला नुसतं वय पुरत नाही, शिकवणूकही लागते. मला ती नायकणीनं दिली होती.

नायकण म्हणजे माझ्याबरोबरची नर्स. बंजाऱ्यांच्या तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात आणि त्याच्या बायकोला नायकण. हिचा नवरा काही नायक नव्हता. तो एसटीत कंडक्टर होता आणि घरात तिला विचारल्याशिवाय घंटी मारत नव्हता. पण झरी जामणीकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात ती रुजू झाली आणि महिन्याभरात डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे तिला नायकण म्हणायला लागले, कारण फिरतीवर निघालं की आमचा मुक्काम कुठे पडणार हे तीच ठरवायची. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. "आमच्यात पोट्टं रांगाले लागलं का त्याले पडाव कुठी टाकाचा ते समजते," असं ती म्हणायची. पडाव म्हणजे मुक्कामाची जागा. ही थाप असेल. तिच्यापुरती मात्र ती खरी होती.

मी तिथे गेले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. यवतमाळ शहरातली मुलगी, ट्रेनिंग संपून तीन महिने झालेले. पहिल्या फिरतीला मी होल्डॉल, मच्छरदाणी, स्वतःची बादली, पावडरचा डबा आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन निघाले. नेलपॉलिश कुणासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. त्या जंगलात माझी नखं पाहायला फक्त बकऱ्या होत्या. लशीचा थर्मास नायकणीच्या खांद्याला आणि माझा संसार मागून बैलबंडीत, असे आम्ही दिवस कलताना एका गावात पोहोचलो. तिनं एका कोलाम आदिवासी म्हातारीच्या झोपडीकडे बोट केलं. मी नाक मुरडलं. गावात एकच पक्कं घर होतं, निळ्या रंगाचं, मोठ्या फाटकाचं. मी म्हटलं, मी तिथे उतरते. तिनं मला अडवलं नाही. अडवायला हवं होतं, असं मी पुढे वीस वर्षं तिला सुनावत होते.

निळ्या घरात मला खाट मिळाली, खाटेत ढेकूण मिळाले, पण जेवलीस का असं कुणी विचारलं नाही. पाण्याचा रांजण आतल्या खोलीत होता आणि आतल्या खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं. सकाळी मी सुजलेले डोळे आणि कोरडा घसा घेऊन झोपडीपाशी आले. नायकण न्हाऊन, वेणी घालून, अंगणात भाकरीवर मिरचीचा ठेचा खात बसली होती. शेजारी म्हातारी तिला गावाची सगळी बित्तंबातमी देत होती. कोणत्या घरी लहान लेकरं, कोणाचं अंग तापलेलं, कोणती आई लस म्हटलं की लेकरू घेऊन वावरात पळते. दुपारपर्यंत आमचं सगळं काम झालं, तेही त्या म्हातारीच्या जिवावर. नायकण मला हसली नाही, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "फाटक पाहून घुसली न तू? घर नाही पाह्याचं, पोट्टी. बुढी पाह्याची. जिथी बुढी दारात बसून बोलून राह्यली, तिथी उतराचं."

त्या दिवसापासून मी पोट्टी झाले. पुढे माझी लग्न-बाळंतपणं झाली, केस पिकले, सुनेच्या हातचा चहा मिळू लागला, तरी तिच्या लेखी मी पोट्टीच. तिच्याबरोबर मी किती गावांत राहिले त्याची मोजदाद नाही. गावात शिरताना ती आधी पाणी पाहायची, मग दार कोणत्या बाजूला उघडतं ते, मग म्हातारी. तिच्या कमरेला एक पिशवी असायची, तिच्या आईच्या हातची, लाल कापडावर बारीक आरसे टाचलेली. आईला ती याडी म्हणायची, त्यांच्या बोलीत. त्या पिशवीत सुई-दोरा, सुपारी आणि पेन्सिलीचा तुकडा. कुठल्याही गावी उतरलो की ती पिशवी आधी खुंटीला लागायची. ती लागली की मलाही आपण घरी आल्यासारखं वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पिशवी धुवायला मला दिली असती.

निवृत्तीनंतर ती कळंबला मुलाकडे राहायला गेली आणि मी यवतमाळला. दर गुरुवारी ती एसटीनं यायची. हंगामाप्रमाणे हातात तुरीच्या शेंगा नाही तर सीताफळं, आणि तोंडात बसमधल्या बायकांच्या हकिकती. अशाच एका गुरुवारी तिनं आल्या आल्या, पाणी पिण्याच्याही आधी विचारलं, स्पेन कुठी हाय. समाजाच्या मेळाव्यात कुणीतरी भाषणात सांगितलं होतं, की आपल्यातलेच काही लोक फार पूर्वी पश्चिमेला निघाले ते चालत चालत स्पेनपर्यंत गेले, आणि ग्रनाडा नावाच्या गावात अजून गुहांत राहतात, नाचतात, गातात. मी म्हटलं, भाषणात लोक काहीही सांगतात. ती म्हणाली, "म्हणूनच तं. खरं का खोटं, जाऊन पाहू." जणू पुसदला जायचं होतं.

माझी नात इशा तेव्हा पुण्याहून आलेली. तिचं घरून काम चालायचं, म्हणजे दिवसभर संगणकापुढे आणि मधून मधून माझ्या फ्रिजपुढे. तिला हे कळलं आणि ती आमच्याहून जास्त पेटली. टोलेडो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रनाडा अशी चार जुनी शहरं तिनं काढली आणि म्हणाली, आजी, मोठ्या हॉटेलात नाही राहायचं, बुटीक हॉटेलात राहायचं. मी विचारलं, तिथे ब्लाऊजही शिवून देतात का. इशानं मला समजावलं, की जुन्या घरांची केलेली छोटी हॉटेलं असतात, आठ-दहा खोल्यांची, प्रत्येक खोली वेगळी, मालक बहुधा तिथेच राहतो. नायकण ऐकत होती. म्हणाली, "मालक तिथीच राह्यते? मंग हाटेल कायले म्हणता त्याले. ते तं पाव्हण्याचं घर झालं."

मग आमचे गुरुवार बदलले. जेवणं झाली की इशा मोठ्या पडद्यावर फोटो लावायची. मी आणि इशा पलंगावरच्या उशा आणि न्हाणीघरातल्या फरशा पाहून हरखून जायचो. नायकण तिकडे पाहायचीच नाही. तिचं म्हणणं, गाद्या सगळीकडे पांढऱ्या, त्यात काय पाहायचं. ती फोटोचा कोपरा मोठा करायला लावायची. झाडू दिसतो का, कुंडीतली माती ओली आहे का, दारात खुर्ची कुणाची आहे. सेव्हिलच्या एका हॉटेलाच्या गच्चीवर पोहण्याचा तलाव होता, निळाशार, पलीकडे घुमट आणि मनोरे. इशा तर जवळजवळ उडीच मारणार होती. नायकण म्हणाली, "पाणी गच्चीवर चढवलं म्हणजे खाली नळाले नसंल." आमच्या यवतमाळात नळाची वाट पाहत उन्हाळे काढलेल्या माणसाला एवढं कारण पुरतं. तलाव बाद झाला.

पण तिची खरी खोड अभिप्राय वाचण्याची. तिथे राहून गेलेले लोक चांदण्या देतात आणि दोन ओळी लिहितात. पाच चांदण्यावाले वर, एकवाले तळाला. इशा वरून वाचायला लागली की नायकण हात आडवा करायची. ती म्हणाली, "लग्नात जेवून उठलेल्या माणसाले विचार, जेवण कसं झालं. सगळे चांगलंच म्हणतेत. खरं समजाचं असंल तं रुसलेला पाव्हणा गाठ. तो कायले रुसला ते पाय." झालं, त्यानंतर आमच्या घरी सगळी हॉटेलं तळापासून वाचली गेली. इशा इंग्रजी-स्पॅनिश कुरकुरी मराठीत करून सांगायची आणि नायकण सुपारी कातरत निवाडे द्यायची.

टोलेडोच्या एका हॉटेलाबद्दल कुणी रागानं लिहिलं होतं, की खिडकीतून समोरच्या घरातली भांडणं ऐकू येतात. नायकणीनं ते लगेच पसंत केलं. भाषा समजत नाही तर नुसता सूर ऐकू, म्हणाली. ग्रनाडातल्या एकाला कपाट नव्हतं, भिंतीत कोनाडे होते. तेही पास. सेव्हिलच्या दुसऱ्या एकाबद्दल सगळे लोक एकच गोष्ट वाखाणत होते, की इथे तुम्हाला कुणी काही विचारत नाही, माणूस दिसतसुद्धा नाही. इशाला ते फार आवडलं. नायकण दचकली. "कोणी विचारतच नाही? मंग मी मेली तं तिसऱ्या दिवशी समजंल." घाणीची, चोरीची, ढेकणांची तक्रार मात्र ती खरी धरायची. ढेकूण म्हटलं की माझ्याकडे पाहायची, आणि मी उगाच चहा ठेवायला उठायची.

कोर्दोबाचं ते हॉटेल असंच तळाशी सापडलं. सात खोल्या, मधे अंगण, अंगणात विहीर आणि छोटं कारंजं, भिंतीवर वरपर्यंत कुंड्या. एका फोटोच्या कडेला एक लांब काठी टेकून ठेवलेली होती आणि काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. नायकणीनं पडद्याजवळ जाऊन तो डबा पाहिला. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायची ती युक्ती होती. "काठीले डबा बांधणारं माणूस बुढंच असते," ती म्हणाली. इशानं तळ काढला. एकच एक-चांदणीवाला होता, कुणी तरुण गृहस्थ. त्याची तक्रार अशी, की मालकिणीची म्हातारी आई दारात खुर्ची टाकून बसते, कुठून आलात ते विचारते आणि पोटात काही घातल्याशिवाय वर जाऊ देत नाही. शिवाय सकाळी सातला घंटा वाजते, गाडी दारापर्यंत येत नाही, आणि अंगणातल्या पाण्याचा आवाज थांबत नाही.

इशा वाचायची थांबली. नायकणीनं अडकित्ता खाली ठेवला. मी तिला त्याआधी किंवा त्यानंतर कधी असं पाहिलं नाही; बसमध्ये खिडकीची जागा मिळालेल्या लहान मुलीसारखा चेहरा झाला होता. म्हणाली, "हेच. इथीच उतराचं."

त्यानंतर तिनं दुसरं काही मागितलं नाही. बाकीची शहरं आम्ही दोघींनी ठरवावीत, कोर्दोबाची विहिरीजवळची खोली तेवढी तिची. हॉटेलाचा पत्ता तिनं इशाकडून मराठी अक्षरांत लिहून घेतला आणि घडी करून आरशांच्या पिशवीत ठेवला. गुरुवारी आली की विचारायची, बुढी बसते ना अजून दारात. इशा नवीन अभिप्राय काढून दाखवायची. बसते, आजी. मग तिला चहा जायचा. आता विचार करते तेव्हा कळतं, ग्रनाडाच्या गुहा मागेच राहिल्या होत्या. आयुष्यभर ती लोकांच्या दारात गेली ती कामाला गेली. हातात सुई घेऊन. लेकरं तिला पाहून रडायची. कुणाच्या दारी नुसतं बसायला, कुठून आलीस एवढं विचारून घ्यायला, ती कधी गेलीच नव्हती. त्या एका दारात तिला बसायचं होतं.

पासपोर्टासाठी पोलीस कळंबला घरी चौकशीला आले. त्यांनी विचारलं, स्पेनमध्ये काय काम आहे. ती म्हणाली, मुक्काम. पासपोर्ट आला. मुंबईला व्हिसाची तारीख लागली. त्या गुरुवारी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिला पायऱ्या चढताना दम लागत होता, मी टोकलं तर म्हणाली, बसची पायरी उंच झाली आहे. खिडकीत बसली आणि मग वाकून मला सांगितलं, "मले व्हिसा नाही भेटला तं तू थांबू नको. तू जाजो. अन् त्या बुढीले सांगजो, कळंबवाली मागून येते."

मी तिची टिंगल केली. म्हटलं, तुझ्याशिवाय मी पुन्हा निळ्या घरात शिरेन. ती हसली, बस सुटली. पुढचा गुरुवार आला तो मी कळंबला तिच्या घरी काढला, बायकांच्या घोळक्यात, तिच्या पायांशी बसून. सकाळी उठलीच नाही, एवढंच तिच्या मुलाला सांगता आलं. दिवस झाल्यावर त्यानं मला ती पिशवी आणून दिली. आत सुई-दोरा, सुपारी, पेन्सिलीचा तुकडा, आणि घडीवर घडी पडून मऊ झालेला तो पत्त्याचा कागद.

वर्ष उलटलं. मी जाणार नाही म्हणत होते, इशानं ऐकलं नाही. मग मीही एक हट्ट धरला, कोर्दोबाची खोली तिघींच्या नावानं घ्यायची. इशानं ती तशीच घेतली.

कोर्दोबाच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की गाडीवाल्यानं आम्हाला लांबच उतरवलं. मी मनात म्हटलं, एक खरं निघालं. रस्त्याच्या कडेला संत्र्यांची झाडं, फळांनी लगडलेली. मी विदर्भातली बाई, संत्र्यातलं मला कोण शिकवणार, म्हणून इशाची नजर चुकवून एक तोडलं आणि चावा घेतला. इतकं कडू फळ मी औषधातसुद्धा कुणाला दिलेलं नाही. ते तोंड घेऊनच मी हॉटेलाच्या दारात पोहोचले, दार बुटकं आहे हे न पाहता आत शिरले आणि कपाळ आपटलं. खुर्चीतली म्हातारी उठली, मला तिथेच बसवलं, ओला रुमाल कपाळावर धरला आणि मग विचारलं, कुठून आलात. इशानं सांगितलं. पावाच्या तुकड्यावर टोमॅटो चोळून, वर तेल घालून तिनं तो आमच्या हातात दिला. आम्ही खाऊ लागलो तेव्हा तिनं तीन बोटं दाखवली. तिसरी कुठे आहे?

इशा खरं सांगणार होती. मी तिचा हात दाबला आणि माझ्या मराठीत म्हटलं, कळंबवाली मागून येते. इशाला भाषांतर करावं लागलं.

तीन दिवस म्हातारीनं न्याहारीला तिसरी थाळी मांडली. रोज सकाळी सातची घंटा झाली की ती काठीच्या डब्यानं कुंड्यांना पाणी घालायची, आणि खाली उतरलेल्या मला भुवया उंचावून विचारायची. आली का? मी मान हलवायची, मागून येते. खोलीत तिसऱ्या पलंगावर मी आरशांची पिशवी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही फिरून आलो तर तिन्ही चादरी बदललेल्या होत्या. पिशवी मात्र नव्या चादरीवर, होती त्याच जागी, तोंड दाराकडे करून ठेवलेली. त्यानंतर म्हातारीनं मला विचारलं नाही. निघताना माझं डोकं हातानं खाली दाबून तिनं मला त्या बुटक्या दारातून बाहेर काढलं, पुन्हा आपटू नये म्हणून.

पुढे ग्रनाडाला गुहांतला नाच पाहिला. एक पोक्त बाई घाघऱ्याचा घेर उडवत अशी काही नाचली, की माझ्या अंगावर काटा आला. नंतर तिनं माझ्या हातातल्या पिशवीच्या आरशांवर बोट फिरवलं, काहीतरी बोलली आणि निघून गेली. भाषणवाल्याचं खरं होतं का खोटं, मला ठरवता आलं नाही. नायकणीनं तिच्याशी सुपारी खात पाच मिनिटांत ठरवलं असतं.

घरी आल्यावर इशा पुण्याला गेली आणि माझ्या फोनवर कोर्दोबाच्या हॉटेलाबद्दल निरोप आला, तुमचा मुक्काम कसा झाला. मी विचार केला. पाच चांदण्या दिल्या तर माझं लिहिणं वर जाणार, कौतुकवाल्यांच्या पंगतीत, आणि नायकणीसारखं कुणी असेल तर त्याच्या नजरेलाही पडणार नाही. म्हणून एक दिली. मग फोनपुढे मराठीत बोलले, फोननं त्याचं स्पॅनिश केलं. म्हातारी खाल्ल्याशिवाय वर जाऊ देत नाही. कुठून आलात ते विचारते. सातला घंटा वाजते. पाणी वाहत राहतं. दार बुटकं आहे, कपाळ आपटतं. एवढी स्तुती मी माझ्या लग्नात सासरच्यांचीही केली नव्हती.

पंधरा दिवसांनी इशाचा फोन आला. सुरुवातीला ती नुसतं आजी, आजी करत राहिली. मग तिनं मला माझ्या अभिप्रायाखाली आलेलं उत्तर वाचून दाखवलं. मालकिणीनं, म्हणजे म्हातारीच्या मुलीनं, फार सभ्यपणे लिहिलं होतं. त्रासाबद्दल माफ करा, आम्हाला वाटलं होतं तुम्ही आनंदात होता. आणि शेवटी एक ओळ, आईनं आता दारात बसणं बंद केलं आहे.

नायकण तळापासून वाचायची. तळाला लिहायला तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. तिनं वर्षभर ज्या खुर्चीची चौकशी केली, ती मी माझ्या अंगठ्यानं दारातून उचलली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. इशाला फोनवर धरून ठेवलं आणि पत्र सांगितलं, तिनं ते इंग्रजीत करून पाठवलं. नायकण कोण होती, ती गावात शिरताना काय पाहायची, रुसलेल्या पाहुण्याला का गाठायची, काठीचा डबा पाहून तिनं काय ओळखलं, सगळं सांगितलं. कळंबवाली मागून येणार नव्हती, मी खोटं बोलले, हेही सांगितलं. ती चांदणी मी आजच काढते, असं लिहिलं आणि म्हातारीची माफी मागितली.

चार दिवस मी फोन उशाशी ठेवून वावरले. पाचव्या दिवशी इशानं उत्तर वाचून दाखवलं. दोनच ओळींचं होतं, म्हातारीनं सांगितलेलं आणि मुलीनं लिहिलेलं. इशाकडून मी ते मराठीत कागदावर उतरवून घेतलं आहे. तो कागद आता त्या पत्त्याच्या कागदाबरोबर पिशवीत असतो.

"आईनं खुर्ची पुन्हा दारात टाकली आहे. ती म्हणते, ती एक चांदणी काढू नका, तिथेच राहू द्या. तुमच्या कळंबवालीसारखं कुणी तळापासून वाचत आलं, तर त्याला आमचं दार सापडायला हवं."